एका बाजूचा भात

“आप्पा, तो जुना डबा आधी खाली काढा बघू,” चप्पल काढता काढताच रोहिणी म्हणाली. “नवीन ठेवायला जागा तिथंच आहे.”

जुना डबा म्हणजे आमचा रेकॉर्ड प्लेअर. हॉलमधल्या बुटक्या कपाटावर तो रोहिणीच्या जन्माआधीपासून होता. तिच्या मागून जावई अजिंक्यराव दोन खोकी छातीशी धरून आत आले. फोनवर मी नको म्हटलं होतं. तरी आणलंच.

“जगातलं म्हणाल ते गाणं लागतं, मामा,” अजिंक्यराव म्हणाले. “फोनवर बोट ठेवायचं की झालं.”

“आईसाठी आणलंय,” रोहिणी म्हणाली. “तिनं किती वेळा उठायचं? बाजू बदल, सुई पूस, धूळ झटक. ह्याच्यावर पडल्या जागी गाणं लागेल तिला.”

मालन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ऑपरेशनचा वण दिसू नये म्हणून पदर गळ्याभोवती घेतलेला. लेकीला बघून चेहरा उजळला होता, पण उंबऱ्यावरून पुढं येताना हात चौकटीला धरलेला होता.

“आधी पाणी पी गं,” ती म्हणाली. आवाज घोगरा येत होता. “मी चहा ठेवतो.”

कोल्हापूरकडच्या बायका ‘करतो, ठेवतो’च म्हणतात. रोहिणी पुण्याला नांदायला गेली आणि तिचं ‘करते, ठेवते’ झालं.

“तू बस. मी ठेवते.”

“ऐकलं का ओ? ‘ठेवते’,” मालन माझ्याकडं बघून म्हणाली. “पुण्याचं पाणी लागलं लेकीला.”

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मी कपाटाला पाठ लावून उभा होतो.

“हा इथनं हलणार नाही,” मी म्हणालो.

“का?”

“रेकॉर्डचा आवाज ऊबदार असतो.”

रोहिणी आणि अजिंक्यराव माझ्याकडं बघतच राहिले. ते वाक्य माझं नव्हतं. माझं उद्यमनगरात मोटर वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटरी आणि पंप बांधून द्यायचे, एवढंच मला येतं. पट्टणशेट्टी म्हणून एक कापडवाले शेठ त्यांचा पंप घेऊन यायचे, त्यांना रेकॉर्डी जमवायचा नाद. रोहिणीचा फोन आल्यावर मी त्यांना चहा पाजून चार वाक्यं मुखोद्गत करून ठेवली होती.

“आप्पा, तुम्हाला आरती आणि पोवाडा एकच वाटतो,” रोहिणी म्हणाली. “तुम्हाला कधीपासून कान फुटले?”

“ऊबदार म्हणजे कसा, मामा?” अजिंक्यरावांनी विचारलं. चेष्टेनं नाही. ते लहानपणी पेटी शिकलेले, त्यांना खरंच ऐकायचं होतं.

“ऊबदार म्हणजे ऊबदार. तुमचं हे फोनमधलं गाणं फ्रिजमधल्या वरणासारखं.”

“पण ह्यात खरखर नाही.”

“खरखर पाहिजेच. मोहरी तडतडल्याशिवाय फोडणी लागते होय?”

मालन तोंडावर पदर धरून हसली. हसताना तिला खोकला आला.

“मामा, ह्यात गाणाऱ्या बाईंनी जसं गायलं तसंच ऐकायला येतं,” अजिंक्यराव म्हणाले. “पाव सुराचासुद्धा फरक नाही.”

तीच तर पंचाईत होती. पण ते मला बोलता येत नव्हतं.

“असलं काही नको आम्हाला,” मी म्हणालो.

“आम्हाला की तुम्हाला?” रोहिणीचा आवाज चढला. “ती धड उभी राहू शकत नाही आणि तुम्ही तिला रेकॉर्डी बदलायला उठवता. तुमच्या हौसेपायी!”

“रोहिणी,” मालन म्हणाली.

“नाही आई, बोलू दे मला.”

“भांडू नका,” अजिंक्यराव मधे पडले. “आपण असं करू. एकच गाणं दोन्हीवर लावू. आधी रेकॉर्ड, मग हे. मामी ऐकतील आणि मामीच सांगतील कुठलं ठेवायचं. घरातलं गाणं त्यांचंच आहे ना?”

“चालेल,” रोहिणी लगेच म्हणाली. “ओढ्याचं गाणं लावू. आई, तू दोन्हीबरोबर म्हण. मग कळेल कोण ऊबदार आणि कोण गार.”

नेमकं तेच गाणं.

त्या गाण्याची मला धास्ती का, ते सांगतो.

दुकान सुरू झालं त्या वर्षी आम्ही प्लेअर घेतला आणि त्याच्याबरोबर भावगीतांची एक रेकॉर्ड. पुढं आणखी पुष्कळ आल्या, पण मालनची ती पहिलीच. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं ओढ्याचं. ओढ्याला पाणी चढलंय, अलीकडं एक पोरगी अडकलीय आणि पलीकडच्याला हाक मारते. ती हाक फार वर जाते. मला गाण्यातलं कळत नाही, पण ती हाक आली की दुपारच्या वेळी दारातलं कुत्रंसुद्धा मान वर करायचं. मालन ती हाक बाईंच्या बरोबरीनं मारायची, हातातलं काम न सोडता.

तिचा भातही त्या रेकॉर्डवर शिजायचा. कुकरवर तिचा राग. “शिट्ट्या गाण्यात तडमडतात,” म्हणायची. पातेल्यात तांदूळ वैरले की ती हॉलमध्ये येऊन सुई ठेवायची. बाजू संपली की गॅस बंद. एका बाजूचा भात, दोन बाजूंच्या पावट्याच्या बिया. आमच्या घरात घड्याळ होतं, पण स्वयंपाकघरातल्या कुणी ते कधी बघितलं नाही. रोहिणी शाळेतून आली की विचारायची, “आई, भात कुठल्या गाण्यावर आलाय?”

मग मालनच्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी पुन्हा गाठी आल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, सलाईनमधून औषध देऊ, थोडा काळ मिळेल, त्रास बराच होईल. आवाज मात्र खाली खाली जात राहील.

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. हातकणंगल्याच्या पुढं आल्यावर म्हणाली, “माझी एक अट आहे.”

“बोल.”

“ओढ्याची हाक जाते तोवर मी मिरजेला येतो. ज्या दिवशी हाक जाणार नाही, त्या दिवसापासून मला घरात राहू द्यायचं. ओढून न्यायचं नाही.”

“बरं.”

“बरं नको. शब्द द्या.”

मी शब्द दिला. त्या वेळी तिची हाक जात होती, म्हणून दिला.

दिवाळीच्या आधी एका दुपारी ती हाक फुटली. मी हॉलमध्ये होतो. बाईंचा आवाज वर गेला आणि मालनचा मधेच तुटला, दोर तुटावा तसा. बाई पुढं गात राहिल्या. मग ती म्हणाली, “आज गळा बसलाय. उद्या बघतो.”

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं रेकॉर्ड लावलीच नाही.

मग एक चमत्कार झाला. प्लेअरमध्ये मोटरवरून रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीकडं जाणारा एक रबरी पट्टा असतो. तो सैल पडला होता. रेकॉर्ड रेंगाळत फिरायला लागली, बाईंचा आवाज जरा जाडसर झाला. आणि त्या दिवशी मालनची हाक गेली. ओले हात घेऊन ती हॉलमध्ये आली, लहान पोरीसारखी. “गेली की ओ! ऐकलं का तुम्ही?”

मी काय केलं? शहाण्यासारखा दुसऱ्या दिवशी नवा पट्टा बसवला. हाक पुन्हा तुटली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती शेजारी हळदीकुंकवाला गेली असताना मी प्लेअर उलटा केला. मोटरच्या बुडाला एक बारीक भोक असतं, आत स्क्रू असतो. तो जरा फिरवला की मोटर हळू होते, तबकडी हळू होते आणि गाणं खाली उतरतं. मी तो फिरवला. संध्याकाळी मालन हाक मारून मोकळी झाली. त्या आठवड्यात मिरजेची पिशवी तिनं स्वतः भरली.

पुढं तिचा आवाज उतरेल तसा मी स्क्रू आणखी थोडा फिरवायचो. ती नसताना. कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि आता हॉलमध्ये खोकी उघडत होती. त्या नव्या डब्याला स्क्रू नव्हता. त्यात बाई पूर्वी जिथं गायल्या होत्या तिथंच गाणार होत्या. मालनची हाक तुटणार होती, लेकीच्या आणि जावयाच्या समोर. दोन्ही गाणी शेजारी शेजारी वाजली की मी काय करत होतो तेही उघडं पडणार होतं. मग मिरज संपली.

अजिंक्यराव वायरी जोडत होते. मी उठलो.

“कुठं निघालात?” मालननं विचारलं.

“मीटरकडं. लाईट कमीजास्त होतीय. फ्यूज बघून येतो.”

फ्यूज बघायचा नव्हता, काढून खिशात टाकायचा होता. इतकी वर्षं विजेच्या कामात, घरातली वीज घालवायला मला क्षणभर लागला नसता.

“लाईटला काही झालेलं नाही,” मालन म्हणाली. “बसा खाली.”

“अगं, एकदा—”

“बसा म्हणतो ना. पोरं एवढ्या लांबून आलीत आणि हे निघाले मीटरकडं.”

मी बसलो.

“भात टाकायचाच आहे,” ती रोहिणीला म्हणाली. “तेव्हा आधी रेकॉर्ड. तुमचं नंतर.” ती आत गेली. तांदूळ वैरल्याचा आवाज आला, झाकण ठेवल्याचा आला. मग पदराला हात पुसत ती बाहेर आली, वाकून तिनं सुई ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसली. रोहिणी खुर्ची द्यायला उठली तर तिनं हातानंच नको म्हटलं.

रेकॉर्ड फिरायला लागली. पहिल्याच गाण्याला अजिंक्यरावांनी कपाळाला आठी घातली. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं. दुसऱ्या गाण्याला त्यांनी मांडीवर बोटं ठेवली, पेटीवर ठेवतात तशी, आणि हळूच एक बोट सरकवून बघितलं. मग आणखी एक. मग त्यांनी मान वर केली.

“मामा, हा प्लेअर जरा—”

“जावईबापू,” मालन पाटावरूनच म्हणाली, “आमच्यात गाणं चालू असताना बोलायची पद्धत नाही.”

“नाही मामी, पण पट्टी—”

“गाणं झाल्यावर बोलू की.”

ती हसून बोलली होती. अजिंक्यरावांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी फरशीकडं बघितलं. त्यांनी मांडीवरची बोटं उचलून घेतली.

ओढ्याच्या आधीचं पाळण्याचं गाणं संपलं. आता ओढ्याचं. त्याची सतार सुरू झाली तशी मालन चौकटीला धरून उठली, आत गेली आणि गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

“आई, बाजू संपली नाही अजून,” रोहिणी म्हणाली.

“तांदूळ नवा आहे,” मालननं आतूनच सांगितलं. “जुना संपला. नवा लवकर होतो.”

मग ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि गायला लागली. दारातून मला तिची अर्धी पाठ दिसत होती. कडव्यांना आवाज खरखरला, एका ठिकाणी तिनं श्वास घेतला तो ऐकू आला. पाणी चढल्याचं कडवं आलं. हाकेच्या आधी तिनं ओट्याची कडा धरली.

हाक गेली. बाईंच्या बरोबरीनं गेली, टिकली आणि त्यांच्याच बरोबर खाली आली.

रोहिणी रडत होती. टाळ्या वाजवायला उचललेले हात तिनं तसेच तोंडावर धरले होते. अजिंक्यराव रेकॉर्डकडं बघत होते. सुई उचलायला कुणी उठलं नाही. शेवटी मीच उठलो.

“आता हे,” डोळे पुसत रोहिणी म्हणाली. “आई, आता ह्याच्याबरोबर. अजिंक्य, लाव.”

अजिंक्यरावांच्या हातात फोन होता. बोट उचललेलं. त्यांनी ते तसंच धरलं.

मालन दारात आली. दम लागला होता. “नको,” ती म्हणाली.

“असं काय आई? ठरलं होतं ना?”

“माझा गळा दिवसाला एकदाच चालतो. आजचा झाला.”

“मग म्हणू नकोस. नुसतं ऐक.”

“ओढ्याचं नको. ते रेकॉर्डवरच.” ती पाटावर टेकली. “बाकीची काय ती लावा. अभंग लावा, सिनेमातली लावा. जुना डबा हलवायचा नाही. तुमचा खाली ठेवा, कपाटाच्या पायाशी.”

“म्हणजे आप्पा जिंकले,” रोहिणी म्हणाली. तिला लागलं होतं. “एवढ्या हौसेनं आणलं आम्ही.”

“ये इकडं.” मालननं तिला जवळ ओढलं. “तुझं वाया नाही जायचं. मी नसताना ह्यांना लावून देत जा. ह्यांना मोकळं घर खायला उठतं. घरात आवाज नसला की हे मोटरी उघडून बसतात.”

“आई, असलं बोलू नको.”

“बरं नाही बोलत. ताटं घे. जावईबापू, भात निवतोय.”

भात मोकळा झाला होता. अजिंक्यरावांनी दोनदा मागून घेतला. पट्टीचं ते जेवतानाही बोलले नाहीत, नंतरही नाहीत. मी मनात देवाचे आभार मानले. मला वाटलं, थोडक्यात वाचलो. बायकोचा गळा दमला म्हणून वाचलो.

दुसऱ्या दिवशी मिरजेला जायचं होतं. सकाळी मी अंघोळ करून आलो तर ती पिशवी घेऊन दारात तयार. पिशवीत टॉवेल, फाईल, उलटी झाली तर म्हणून प्लास्टिकचं भांडं. रात्रभर तिला झोप नव्हती, डोळे खोल गेले होते.

“आज नको तर नको,” मी म्हणालो. “पुढच्या वेळी जाऊ.”

“हाक गेली नव्हं काल?” ती म्हणाली. “ठरलंय ते ठरलंय. चला.”

एसटीत तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. लोकांसमोर असलं ती कधी करत नसे.

त्यानंतर मी आणखी दोन वेळा स्क्रू फिरवला. बाईंचा आवाज एखाद्या पुरुषासारखा यायला लागला. मालन त्याच्याबरोबर हाक मारत राहिली आणि आम्ही मिरजेला जात राहिलो. होळी झाली, पाडवा झाला. परत येताना ती एसटीत खिडकीबाहेर मान काढून उलट्या करायची, तोंड पुसायची आणि मला विचारायची, “तुम्ही काही खाल्लं का?” शेवटी तिला कुजबुजण्याइतकाच आवाज उरला. तेव्हासुद्धा ती ओट्याला टेकून ओठ हलवायची आणि गाणं संपलं की म्हणायची, “गेली बघा.” मी म्हणायचो, “गेली की.”

मृग लागायच्या आधी ती गेली. घरात नाही गेली. मिरजेतच गेली, सलाईन चालू असताना.

सगळे विधी होईस्तोवर रोहिणी राहिली. जायच्या आदल्या दिवशी तिनं नवा डबा पुसला, माझ्या फोनला जोडून दिला आणि आईची आठवण म्हणून ओढ्याचं गाणं लावलं. खरखर नव्हती. बाई समोर बसून गात असाव्यात इतकं स्वच्छ. हाक आली. ती इतकी वर होती हे मी विसरून गेलो होतो. छताला लागेल अशी. मी रोहिणीला म्हणालो, “बंद कर.” तिला वाटलं, मला रडू आवरत नाही. तेही खोटं नव्हतं.

रोहिणी पुण्याला गेली आणि मी एकटा राहिलो. जेवणाचे डबे येतील अशी सोय ती करून गेली होती, पण मला डब्यातला भात नको होता. बघून बघून मला मालनची रीत माहीत होती. तांदूळ धुतले, बोटाच्या पेरानं पाणी मोजलं, पातेलं ठेवलं. हॉलमध्ये येऊन सुई ठेवली आणि पाटावर बसलो. ओढ्याचं गाणं निम्मं झालं तेव्हा वास आला. पण बाजू संपली नव्हती. एका बाजूचा भात म्हणजे एका बाजूचा. मी बसून राहिलो. सुई शेवटाला गेल्यावर आत गेलो तर भात बुडाला लागून काळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी पाणी जास्त घातलं. वर गाळ, खाली करप. संध्याकाळी रोहिणीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं.

“आप्पा, तो नवा तांदूळ आहे ना,” ती म्हणाली. “आई म्हणाली नव्हती का? लवकर उतरवत जा.”

खरंच की. आठवलं. तेव्हा म्हटलं, किती नवा उरलाय ते तरी बघावं, पावसाळ्यात किडे पडतात. आमच्यात तांदूळ वर्षाचा भरायचा. पौषात आजऱ्याकडच्या माझ्या दोस्ताकडून पोतं यायचं. ते आल्या आल्या फोडायचं नाही, कडुलिंबाचा पाला घालून वर्षभर मुरायला ठेवायचं आणि तोवर मागल्या वर्षीचा खायचा. पोत्याचं तोंड मीच शिवायचो, वाइंडिंगच्या दोऱ्यानं. मोटरमधली तारेची वेटोळी बांधून झाल्यावर आम्ही एक गाठ मारतो. ती कापावी लागते, सुटत नाही. तीच गाठ मी पोत्याला मारायचो.

माळ्याखाली पोतं होतं. नव्या तांदळाचं, पौषात आणलेलं. तोंड शिवलेलं होतं. मी बोटानं चाचपडत गाठीपर्यंत गेलो. गाठ माझीच होती. कुणी हात लावला नव्हता.

मग मी शेजारचा पत्र्याचा मोठा डबा उघडला. मालन रोज ज्यातून तांदूळ काढायची तो. दोन दिवस मीही त्यातूनच काढला होता, न बघता. तळाशी अजून चांगला चार वाट्या तांदूळ होता. पिवळसर, जुना, गेल्या साली मुरवलेला. मूठभर हातात घेऊन मी तसाच माळ्याखाली बसलो.

तबकडी हळू फिरली तर बाजू लांबते. ती लांबली तर भात करपणार. जन्मभर मोटरी बांधल्या मी, पण स्क्रू फिरवताना हे एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही. तिच्या आलं होतं. पहिल्याच आठवड्यात आलं असणार, भाताच्या वासानं. म्हणून शेवटच्या गाण्याची सतार लागली की ती उठून गॅस बंद करायची. मी किंवा रोहिणीनं विचारलंच तर तांदूळ नवा.

हाक जाईना झाली की घरात राहू द्यायचं, असं ठरलं होतं. हाक जात नाही हे तिला दिवाळीपासून ठाऊक होतं. तरी पिशवी भरून ती दारात उभी राहायची आणि मला म्हणायची, चला.

आता बरीच वर्षं झाली. रोहिणीचा डबा कपाटाच्या पायाशी आहे. त्याच्यावर मी बातम्या ऐकतो, कधी अभंग. अजिंक्यराव आले की प्लेअरकडं बघतात, त्याला हात लावत नाहीत. स्क्रू मी पुन्हा फिरवला नाही, मागंही नाही आणि पुढंही नाही.

दुपारी तांदूळ वैरतो आणि सुई ठेवतो. पाळण्याचं गाणं संपतं. ओढ्याची सतार लागली की उठतो आणि गॅस बंद करतो.